सयामी मांजर आणायचंय? आधी सासूबाईंना विचारा

वेंगुर्ल्याहून एका ताईंनी विचारलंय: "आम्ही दोघंही नोकरीवाले. हे बँकेत, मी शाळेत. सकाळी नऊला बाहेर पडतो ते संध्याकाळी सहाला घरी. मुलगी सहावीत आहे, तिने सयामी मांजराचा हट्ट धरलाय. कोल्हापुरात ओळखीच्यांकडे पिल्लं झाली आहेत, त्यातलं एक देतो म्हणतात. घर कौलारू, मागे आगर आणि विहीर. पडवीत एक गावठी बोका असतो, तो आपला येऊन-जाऊन. घरी सासूबाई असतात. त्यांना मांजराचं वावडं नाही, पण ओट्यावर चढलेलं खपत नाही. हे मांजर स्वभावाने कसं असतं? आमच्या पावसाळ्यात टिकेल का? काय काय करावं लागतं?"

ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, फक्त ते तुम्ही शेवटाकडे, ओट्याच्या तक्रारीत लिहिलंय. घरी सासूबाई असतात. मांजर तुम्ही मुलीसाठी आणाल, पण ते होणार सासूबाईंचं. त्यांची मनापासून तयारी असेल तर खुशाल आणा. नसेल, किंवा त्या वर्षातले चार-सहा महिने मुंबईला दुसऱ्या मुलाकडे राहत असतील, तर एक गावठी पिल्लू पाळा. मुलीची हौस भागेल आणि तुमच्या वेळापत्रकातही ते बसेल.

इतकं ठाम का बोलतो, ते सांगतो. आपल्याकडे म्हणतात, कुत्रं माणसाला धरून राहतं आणि मांजर घराला. गावठी मांजराच्या बाबतीत त्यात बरंच तथ्य आहे. बिऱ्हाड हललं की चार दिवसांनी ते जुन्या घराच्या ओटीवर जाऊन बसलेलं सापडतं. सयामी माणसाला धरून राहतं. तुम्ही न्हाणीघरात गेलात तर दाराबाहेर बसून ओरडेल. फोनवर बोलायला लागलात तर मध्येच तोंड घालेल. देवपूजेला बसलात तर मांडीवर येईल आणि घंटा वाजली की तिच्याकडे टक लावून बघेल. घरातल्या एका माणसाची निवड ते महिनाभरात करतं, आणि त्या माणसाला यातून सुटका नसते.

आवाजाबद्दल आधीच सांगून ठेवतो, कारण आणलेलं मांजर परत द्यायला लोक निघतात ते बहुतेक याच कारणाने. गावठी मांजराचं म्यांव मोजक्या कामांपुरतं असतं: भूक, दार उघडा, भांडण. सयामीचा आवाज घोगरा, मोठा, तान्हं मूल किरकिरल्यासारखा, आणि त्याला कारण लागत नाही. "काय गो?" म्हटलंत की उत्तर येतं. पुन्हा काही म्हटलंत की पुन्हा उत्तर. माझ्या दवाखान्यात टेबलावर गावठी मांजर आलं की अंग चोरून गप्प बसतं, नाहीतर पंजा मारतं. सयामी माझ्याशी भांडतं. थर्मामीटर लावला की मान वळवून मालकिणीकडे बघत अशी काही तक्रार करतं, की बाहेर बाकावर बसलेली माणसं आत डोकावतात.

सासूबाईंना दुपारी दोन तास शांतता लागत असेल तर हा मुद्दा आधी बोलून घ्या. उलट त्या दिवसभर एकट्या असतात आणि बोलायला कुणी नसतं, अशी स्थिती असेल तर यापेक्षा चांगली सोबत मिळायची नाही. मी हे बऱ्याच घरांत पाहिलंय. "कशाला ही ब्याद?" म्हणणाऱ्या आजी सहा महिन्यांत मला फोन करून विचारतात, "आज तिनं अर्धाच वाटगा खाल्ला, काय देऊ?"

याची दुसरी बाजूही ऐका. एका निवृत्त शिक्षिकेचं सहा वर्षांचं सयामी मांजर होतं, चांगलं गुबगुबीत. बाई पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आठ-दहा दिवस हॉस्पिटलात. शेजारची मुलगी रोज सकाळ-संध्याकाळ येऊन खाणं ठेवत होती, पाणी बदलत होती. पाचव्या दिवशी ती मांजराला घेऊन माझ्याकडे आली. "खाणं तसंच राहतंय, मुंग्या लागतात," म्हणाली. मांजर पिशवीत निपचित. सयामीचे कान मुळात काळपट, त्यामुळे कानावर कावीळ दिसत नाही. मी ओठ उचलून हिरडी बघितली, मग तोंड उघडून टाळू. हळद लावल्यासारखी पिवळी. जाड मांजराने दोन-तीन दिवस खाणं सोडलं की अंगातली चरबी यकृताकडे धावते आणि यकृत त्या चरबीने गच्च भरतं. औषधापेक्षा अशा वेळी अन्न पोटात जाणं महत्त्वाचं असतं. नाकातून बारीक नळी घातली आणि दर चार तासांनी पातळ केलेलं खाणं सिरिंजने सोडत राहिलो. घरी आलेल्या बाईंनी वॉकर बाजूला ठेवून खुर्चीत बसल्या बसल्या बोटावर शिजलेलं चिकन धरलं, तेव्हा ते पहिल्यांदा आपणहून चाटलं. नळी त्यानंतरही काही दिवस ठेवली, पण काळजी तिथे मिटली.

म्हणून माझ्याकडे एक नियम आहे: मोठ्या मांजराने दोन दिवस आणि पिल्लाने एक दिवस तोंडाला काही लावलं नाही, तर "उद्या बघू" म्हणायचं नाही. आणि कावीळ बघायची ती हिरड्यांवर.

सासूबाईंची तयारी नाही पण मुलीचा हट्टही सुटत नाही, असं झालं तर एक मधला मार्ग आहे: एकाच वेतातली दोन पिल्लं आणायची. दोघं एकमेकांना सोबत करतात, खेळून दमतात. खर्च दुप्पट होतो हे खरं, पण रिकाम्या घरात नऊ तास एकटं कोंडलेलं सयामी काय करतं ते एकदा बघितलंत तर खर्च परवडला म्हणाल. काही मांजरं स्वतःचं पोट आणि मांड्या चाटत बसतात, इतकं की केस जाऊन गुलाबी कातडी दिसते. मालक खरूज समजून आणतात. काहींना लोकर चोखायचं वेड लागतं. गोधडी, कानटोपी, शाल तोंडात धरून आईला प्यायल्यासारखं चोखतात आणि हळूहळू चावून गिळायला लागतात. ही खोड सयामीच्या रक्तातच आहे, पिल्लाला आईपासून लवकर तोडलं तर आणखी बळावते. एकदा आतड्यातून लोकरीचा दोरा काढावा लागला. त्याचं एक टोक जिभेखाली अडकलेलं होतं आणि आतडं त्या दोऱ्यावर नाडी ओढलेल्या कापडासारखं चुणत गेलं होतं. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच घेऊन या. आणि पिल्लू दहा-बारा आठवड्यांचं होईपर्यंत आईकडेच राहू द्या. कोल्हापूरची मंडळी "दूध सुटलं, घेऊन जा" म्हणतील, तरी थांबा.

ओट्याची गोष्ट. ते चढणारच. सयामीला उंच जागा लागते आणि ते हुशार असतं. कपाटाची कडी, फ्रिजचं दार, तांदळाच्या डब्याचं झाकण, सगळं उघडायला शिकतं. रागावलात तर एवढंच शिकेल की सासूबाई घरात असताना चढायचं नाही. त्यापेक्षा स्वयंपाकघरातच ओट्यापेक्षा उंच एक फळी किंवा फडताळाचा वरचा खण त्याला मोकळा करून द्या. तिथून त्याला भाजी चिरताना दिसली की ओट्याचं आकर्षण कमी होतं. रोज दोनदा, दहा-पंधरा मिनिटं, दोरीला बांधलेलं पीस किंवा कागदाचा बोळा घेऊन खेळा. बोळा फेकला की कुत्र्यासारखा उचलून परत आणणारी सयामी मी बरीच पाहिली आहेत. हे काम तुमच्या मुलीचं. रात्री झोपायच्या आधी खेळ, मग जेवण, मग दिवा बंद. हा क्रम धरलात तर पहाटे तीनची मैफल बरीच कमी होईल.

आता रंगाविषयी, कारण यावरून दरवर्षी कुणीतरी घाबरून येतं. एक काका पिल्लू टोपलीत घालून घेऊन आले होते. "डॉक्टरानू, ह्येका काय झाला ता बघा, कान काळे पडत चल्लेत." पिल्लू पांढरंशुभ्र म्हणून आणलेलं, आणि पाच आठवड्यांत कान, नाक, शेपूट राखी झालं. बाहेरची बाधा समजून घरच्यांनी त्याला खोबरेल तेल चोळलं होतं. पिल्लू ठणठणीत होतं, फक्त तेलकट.

सयामीच्या अंगात रंग बनवणारं जे विकर (एन्झाइम) असतं, टायरोसिनेज, ते उष्णतेत नीट काम करत नाही. मांजराच्या शरीराचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश. धड गरम, म्हणून तिथे रंग फिका. कान, नाकाडं, पंजे, शेपूट हे टोकाचे भाग थंड, म्हणून तिथे गडद. आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब, म्हणून पिल्लू जन्मतं ते पांढरं. याच कारणाने नसबंदीसाठी कुशीवरचे केस काढले की नवे केस कधी कधी काळपट येतात आणि लोक मला म्हणतात, "डॉक्टर, डाग पाडलात." पुढचे केस येताना तो बहुधा निघून जातो. वय वाढलं की धडही हळूहळू गडद होत जातं. ते कुणालाच चुकत नाही, मलाही नाही, फक्त माझं उलट्या दिशेने चाललंय.

डोळे निळे असतात आणि ते आयुष्यभर निळेच राहतात. रात्री लाईट गेल्यावर टॉर्च मारलात तर गावठी मांजराचे डोळे हिरवट चमकतात, सयामीचे तांबडे. सासूबाईंना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच आषाढात घाबरतील. त्याच रंगाच्या दोषामुळे डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांची जुळणीही जरा वेगळी होते. काही सयामी तिरळी असतात, आणि अंतराचा अंदाज घेण्यात ही जात गावठी मांजरापेक्षा कच्ची पडते. आणखी एक गैरसमज: पांढरं मांजर आणि निळे डोळे म्हणजे बहिरं, हे खरं आहे ते पूर्ण पांढऱ्या मांजरांच्या बाबतीत, आणि तेही सगळ्यांच्या नाही. सयामीच्या निळ्या डोळ्यांचा बहिरेपणाशी संबंध नाही.

हा रंग मागे दडून राहणारा आहे. आई-बाप दोघांकडूनही मिळाला तरच दिसतो. त्यामुळे गावठी मांजरीच्या वेतातही मध्येच एखादं काळ्या कानांचं, निळ्या डोळ्यांचं पिल्लू निघतं. बंदरावर मासळीच्या टोपल्यांभोवती फिरणाऱ्या टोळक्यात मी अशी पाहिली आहेत. ती दिसायला सयामी, स्वभावाने बंदरावरची. उलट, लांब केसांचं आणि सयामीच्या रंगाचं जे "सयामी" म्हणून गळ्यात मारलं जातं, ते बहुतेक हिमालयन, म्हणजे पर्शियन आणि सयामी यांचा संकर. सयामीचे केस आखूड, अंगाला चिकटलेले, खाली लव जवळजवळ नाही. कोल्हापूरच्या पिल्लांची आई बघा, बाप बघायला मिळाला तर उत्तमच. रंगापेक्षा, आई अनोळखी माणसाजवळ येते की पलंगाखाली पळते, हे जास्त पाहण्यासारखं आहे. पिल्लं दोन ते सात आठवड्यांची असताना माणसांच्या हातांत वाढली का, हेही विचारा. त्या पाच आठवड्यांत जे बसतं ते पुढे बसवायला फार कष्ट पडतात.

मुलीला शाळेत सांगायला थोडा इतिहास: सयाम म्हणजे आजचं थायलंड. तिथे या मांजरांना विचिएनमात म्हणतात आणि सयामच्या जुन्या अयुथ्थया राज्याच्या काळापासून चालत आलेल्या मांजरांच्या पोथ्यांत त्यांचं वर्णन आहे. १८८४ मध्ये बँकॉकमधले ब्रिटिश अधिकारी एडवर्ड गूल्ड यांनी एक जोडी, फो आणि मिया, बहिणीसाठी इंग्लंडला नेली, आणि तिथून ही जात जगभर पसरली.

बँकॉकची हवा आपल्यासारखीच: घाम, दमटपणा, धो धो पाऊस. म्हणून तुमचा पावसाळ्याचा प्रश्न मी एका वाक्यात संपवला असता, की ते टिकेल, पर्शियनपेक्षा कितीतरी बरं टिकेल. पर्शियन आपल्याकडे जूनपासून बुरशी, केसांच्या गाठी आणि चपट्या नाकामुळे धाप अशी तिहेरी शिक्षा भोगतं. सयामीला तो त्रास कमी. आठवड्यातून एकदा ओल्या हाताने किंवा रबरी ब्रशने अंगावरून फिरवलं की पुरे, आंघोळीची गरज नाही. भिजलं तर कोरडं पुसा. केसांत रुपयाएवढा गोल टक्कल पडलेला, कोंडा आलेला डाग दिसला तर ते गजकर्ण असू शकतं, आणि ते मुलीलाही लागेल. तेवढं दाखवायला आणा.

पण पावसाळ्याचा एक त्रास सयामीच्या वाट्याला जास्त येतो: दमा. या जातीत तो इतर मांजरांपेक्षा अधिक दिसतो. सुरुवातीच्या वर्षांत मी यात फसलोय. एक मांजर जमिनीशी दबून, मान पुढे लांबवून खाकरायचं, बाहेर काही पडायचं नाही. घरच्यांनी सांगितलं, "केसांचा गोळा अडकलाय." मीही तेच धरून चाललो आणि दोन महिने केसांचा गोळा बाहेर पडायची पेस्ट देत राहिलो. मग एका रात्री ते तोंड उघडून श्वास घेत आलं, तेव्हा माझी ट्यूब पेटली. दम्याच्या लहान मुलांना देतात तसाच पंप, मध्ये नळकांडं आणि तोंडावर मास्क लावून मांजरालाही देता येतो, आणि सयामी तो लवकर शिकतं. तुमच्या घरी चूल असेल तर मांजराला त्या खोलीत झोपू देऊ नका. डासांची कॉइल, संध्याकाळची धुपारत, भिंतीवर चढलेली बुरशी, सगळं दम्याला खतपाणी. शीच्या ट्रेमध्ये भाताचं तूस किंवा बारीक लाकडाचा भुसा घालू नका, धूळ उडते. नारळाच्या सोडणाचा भुसा पाण्याने जरा दमट करून वापरा, तुमच्या आगरात फुकट मिळेल. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवा, आणि जेवणाच्या वाटग्यापासून लांब.

खाण्यात आपण कोकणातली माणसं कुठे चुकतो ते मी रोज बघतो. "मांजर आहे, मासे खाईल." बरोबर, पण रोज नुसता मासा आणि भात म्हणजे उपासमार पोट भरून. मांजराला टॉरीन नावाचा घटक मांसातूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा जातो आणि हृदय फुगतं. शिजवताना तो पाण्यात उतरतो, म्हणून चिकन उकडलेलं पाणी फेकू नका, तेही वाटग्यात घाला. बांगडा कच्चा देऊ नका. त्यात बी-१ जीवनसत्त्व मोडणारं एक विकर असतं, शिजवलं की ते नष्ट होतं. महिनोन्‌महिने कच्च्या बांगड्यावर वाढलेलं मांजर मी पाहिलंय, मान खाली पडलेली, उचलता येत नव्हती. बी-१ची इंजेक्शनं वेळेत मिळाली म्हणून वाचलं. तारली, पेडवे आठवड्यातून एक-दोनदा, शिजवून, काटे काढून. सोडे, सुकट, सुका बांगडा अजिबात नको, मिठाने मारतात. आमटीतला मासा धुऊन दिला तरी कांदा-लसणाचं वाटण आत मुरलेलं असतं आणि ते रक्त मोडतं. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही.

साधं गणित: चार किलोच्या मांजराला दिवसाला दोनशे ते अडीचशे कॅलरी लागतात, म्हणजे चांगल्या प्रतीचं कोरडं मांजराचं खाद्य साधारण ६० ग्रॅम. त्यातला निम्मा भाग ठेवून बाकी उकडलेलं चिकन, आठवड्यातून एकदा चमचाभर काळीज. कुत्र्याचं खाद्य देऊ नका, त्यात मांजराला पुरेल एवढं टॉरीन असेलच असं नाही. सयामी सडपातळच असायला हवं. बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत. पाण्याची दोन-तीन भांडी घरात वेगवेगळ्या जागी ठेवा. दात या जातीत लवकर खराब होतात आणि हिरड्या सुजतात, तेव्हा पिल्लू असल्यापासून बोटाला फडकं गुंडाळून दात पुसायची सवय लावा.

भाटी, म्हणजे मादी, आणलीत तर नसबंदीची तारीख आधीच ठरवून ठेवा. सयामी चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते, आणि माजावरच्या सयामीचा आवाज म्हणजे सगळ्या वाडीची झोप गेली. पुढचं अंग जमिनीला टेकवून, मागचं वर करून लोळतात आणि किंचाळतात. लोक पोटदुखी समजून मध्यरात्री फोन करतात. ही जात स्तनाच्या कॅन्सरला दुप्पट बळी पडते. सहा महिन्यांच्या आत नसबंदी झाली तर तो धोका सुमारे ९१ टक्क्यांनी उतरतो. "एकदा व्यायला हवी" हा सल्ला शेजारच्या काकू देतील, ऐकून सोडून द्या.

लसी: आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या आठवड्याला तिहेरी लस, बाराव्या आठवड्यानंतर रेबीजची, मग दरवर्षी. मांजराच्या लसी तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात ठेवलेल्या नसतात, आधी फोन करून मागवायला सांगा. जंताचं औषध सहा महिन्यांपर्यंत दरमहा, नंतर तीन महिन्यांनी. आणि घरातल्या चार गोष्टी कुलपात: पॅरासिटामॉल (अर्धी गोळीही मांजराचा जीव घेते), काळं फिनाईल, कापूर आणि कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारी परमेथ्रिनची औषधं. यातलं शेवटचं लोक मांजरालाही लावतात, "थेंबभरच तर" म्हणत. मांजर झटके देत येतं.

तुमच्या बोक्याचं काय? आधी त्याला पकडून नसबंदी आणि लसी करून घ्या, मगच पिल्लू आणा. पिल्लू पहिले दोन आठवडे माजघरात, दार बंद. बोक्याच्या अंगावरून फिरवलेलं फडकं पिल्लाच्या अंथरुणात, पिल्लाचं फडकं पडवीत. दोघांनी वासाने ओळख करून घेतली की मग दाराच्या फटीतून, मग समोरासमोर. घाई केलीत तर भांडण लागेल आणि मग ते मिटवायला महिने जातील. सयामी बाहेर सोडायचं नाही, हे माझं मत पक्कं आहे. तुमच्या आगरात फुरसं असणार, रात्री बिबट्या येत नसेल असं मी म्हणणार नाही, आणि विहीर आहे. अंतराचा अंदाज कच्चा असलेलं मांजर कठड्यावरून आत पडलं तर त्याला वर काढायला कुणी नाही. विहिरीला जाळी बसवा, ती मुलीसाठीही हवीच आहे. बाहेरची हौस असेल तर पट्टा आणि अंगाला बसणारं हार्नेस लावून संध्याकाळी खळ्यात फिरवा. सयामी पट्ट्याला इतर मांजरांपेक्षा सहज तयार होतं. गणपतीत घर भरलं की ते खूश, माणसं हवीच असतात त्याला. फटाके आणि ढोल चालू असताना मात्र आतल्या खोलीत.

सगळं नीट झालं तर पंधरा वर्षं धरून चाला, काही अठराही काढतात. मुलगी तेव्हा नोकरीला लागलेली असेल. म्हणून पुन्हा सासूबाईंकडे येतो. त्यांना विचारा, आणि हो म्हणाल्या तर पिल्लाच्या आधी त्यांनाच कोल्हापूरला घेऊन जा, निवड त्यांना करू दे. येताना आंबोली घाटात पिल्लू ओकेल, तेव्हा निघण्याआधी चार तास खायला देऊ नका. पिंजरा मांडीवर न घेता सीटवर घट्ट बांधा, वर पातळ कापड टाका. आणि आत अंथरायला सासूबाईंचं एखादं नेसून काढलेलं, न धुतलेलं जुनं पातळ घ्या.